कारखाना नाही, कॉलेज नाही, तरी आर. आर. आबा उपमुख्यमंत्री कसे झाले?

प्रश्न असा आहे की सांगली जिल्ह्यात ज्याच्याकडं साखर कारखाना नाही, कॉलेजं नाहीत, दूध संघ नाही, घरात आधी कुणी आमदार नाही असा माणूस, म्हणजे आर. आर. (आबा) पाटील, झेडपी (जिल्हा परिषद) मेंबरपासून उपमुख्यमंत्रीपदापर्यंत पोचला तो नेमका कशामुळं, साधेपणामुळं की शरद पवारसाहेबांच्या मर्जीमुळं, आणि आज एखाद्या पोराला तसं जमेल का.

आधी माझी ओळख सांगतो म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. मी राजकारणी नाही आणि पत्रकारही नाही. ग्रामसेवक म्हणून लागलो, विस्तार अधिकारी (पंचायत) म्हणून रिटायर झालो, सगळी नोकरी सांगली जिल्हा परिषदेत. मंत्र्याचं करिअर लोक टीव्हीवर बघतात, आम्ही ते जीआर (शासन निर्णय) आणि दौऱ्याच्या कागदावरून बघतो, त्यामुळं माझं उत्तर जरा खालच्या अंगानं येईल, चालवून घ्या.

साधेपणा आणि पवारसाहेब ही दोन्ही कारणं खरी आहेत पण अपुरी आहेत. साधी माणसं झेडपीत ढिगानं बघितली, तिथंच राहिली. आणि साहेबांच्या मर्जीतले तर किती आले किती गेले. माझं मत असं की आबांकडं संस्था नव्हती म्हणून जे खातं मिळालं तेच त्यांनी संस्था समजून चालवलं. चढले ते त्यामुळं, आणि अडकले तेही त्याचमुळं.

हे कळायला आपल्या जिल्ह्याची रीत माहीत पाहिजे. वसंतदादांचा सांगलीचा कारखाना, राजारामबापूंचा साखराळ्याचा, पतंगराव कदमांचं १९६४ साली सुरू झालेलं भारती विद्यापीठ आणि नंतर सोनहिरा कारखाना. इथं नेता म्हणजे आधी संस्थापक किंवा चेअरमन आणि मग आमदार. कारखान्याचे हजारो सभासद, कामगार, तोडणीची टोळी कुणाच्या रानात आधी जाणार हे ठरवणारा शेती विभाग, बँकेतली नोकरी, पोराची ॲडमिशन. निवडणूक आली की हीच सगळी माणसं बूथवर उभी असतात, वेगळा कार्यकर्ता पोसावा लागत नाही. आणि सत्ता गेली तरी पाच वर्षं गाडी, ऑफिस, चहापाणी चालू राहतं. वसंतदादांचं सरकार १९७८ ला पडलं, पण दादांचं वजन पडलं नाही, १९८३ ला परत मुख्यमंत्री झाले. यात मागं संस्था आणि संघटना किती होती ते जुन्या माणसांना विचारा.

आता याच्या शेजारी आबांना ठेवा. १६ ऑगस्ट १९५७ चा जन्म, गाव अंजनी, तालुका तासगाव. तासगाव म्हटलं की आज लोकांना द्राक्षं आणि बेदाणा आठवतो पण अंजनी-सावळज हा पूर्वेचा पट्टा म्हणजे कोरडा, टँकरचा भाग. घरची परिस्थिती बेताची. शिक्षण सांगलीच्या शांतिनिकेतनमध्ये, बीए आणि मग एलएलबी. शांतिनिकेतन हा मुद्दा लोक सोडून देतात पण माझ्या दृष्टीनं तो मोठा आहे. ती संस्था काढली प्राचार्य पी. बी. पाटलांनी, आणि आम्हा पंचायतवाल्यांना हे नाव वेगळ्या कारणानं पाठ आहे, १९८४ साली शासनानं पंचायत राजचं मूल्यमापन करायला जी समिती नेमली ती त्यांच्याच अध्यक्षतेखाली, ८६ ला अहवाल आला, खात्याच्या परीक्षेला आम्ही तो पाठ करत होतो. म्हणजे ज्या माणसानं राज्याला ग्रामपंचायत आणि झेडपी कशी चालावी हे सांगितलं त्याच्या संस्थेत हा पोरगा शिकला. पुढं ग्रामविकास खातं मिळाल्यावर त्याला खातं समजून घ्यायला सचिवाची शिकवणी लावावी लागली नाही, यात नवल नाही.

१९७९ ला सावळज गटातून (झेडपीच्या मतदारसंघाला गट म्हणतात) झेडपी मेंबर, वय बावीसच्या आसपास. आणि ९० पर्यंत मेंबर. आता तुम्ही म्हणाल अकरा वर्षं कशी, टर्म तर पाच वर्षांची. तर त्या काळात झेडपीच्या निवडणुका शासन पुढं ढकलायचं, ७९ नंतर थेट ९२ ला झाल्या. दर पाच वर्षांनी निवडणूक सक्तीची करणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती येईपर्यंत हे असंच. लोकशाहीच्या दृष्टीनं वाईटच, पण आबांना मात्र त्यातून एक लांबलचक शाळा मिळाली.

झेडपीत शिकायला काय मिळतं असं कुणी विचारलं तर सांगतो. आमदार सभागृहात बोलतो आणि सोडून देतो. झेडपी मेंबरला त्याच गटातल्या शाळाखोलीचा पत्रा, बोअरचा हातपंप, प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर रजेवर गेलाय, अंगणवाडीची खिचडी, शिक्षकाची बदली, असलं सगळं रोज अंगावर येतं आणि हातात पैसा म्हणाल तर सेस फंडातला (झेडपीच्या स्वतःच्या उत्पन्नातला) चिमूटभर. मग जो हुशार असतो तो दोन गोष्टी शिकतो. एक, कागद कुठल्या टेबलावर अडलाय ते शोधणं. दुसरं, पैसा नसताना गावाकडून काम काढून घेणं. जो या दोन शिकत नाही तो ठेकेदार होतो, हे माझं निरीक्षण, राग मानू नका.

१९९० ला काँग्रेसच्या तिकिटावर तासगावचे आमदार. गंमत बघा, त्याच ९० ला जयंत पाटीलही पहिल्यांदा विधानसभेत आले, राजारामबापूंचे चिरंजीव, मागं कारखाना, बँक, शिक्षण संस्था सगळं उभं. एकाच जिल्ह्यातले दोन पाटील, एकाच वर्षी एकाच सभागृहात, पण एक तयार गादीवरून आलेला आणि एक एसटीनं. पुढची पंचवीस वर्षं सांगलीचं राजकारण या दोन टोकांमध्ये फिरत राहिलं, वरून दोघं एकाच पक्षात आणि खाली जयंतरावांचा इस्लामपूरचा गट वेगळा, आबांचा तासगावचा वेगळा. जयंतरावांवर इथं टीका नाही बरं का, अर्थखातं त्यांनी नऊ वर्षं सांभाळलं आणि ते खातं येरागबाळ्याचं नाही.

९५ ला युतीचं सरकार आलं आणि आबा विरोधी बाकावर. माझ्या मते करिअरला खरी धार इथं लागली. संस्थावाल्या आमदाराला विरोधात बसणं परवडत नाही हो, कारखान्याची थकहमी, कर्जाची फाइल, कॉलेजची मान्यता, काहीतरी सरकारकडं अडकलेलंच असतं, मग तो तोंड उघडताना विचार करतो. आबांचं सरकारकडं काहीच अडकलेलं नव्हतं. लक्षवेधी, तारांकित प्रश्न, औचित्याचा मुद्दा, जे आयुध मिळेल ते वापरून तुटून पडायचे, वकिलीचं शिक्षण आणि तासगावची बोली. पक्षाला असा माणूस हवा असतो ज्याच्यावर उलटून कुणी "तुमच्या संस्थेचं काय" असं म्हणू शकत नाही. जून ९९ ला राष्ट्रवादी काँग्रेस निघाली, आबा पवारांबरोबर गेले, आणि ऑक्टोबरमध्ये विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात ग्रामविकास खात्याचे कॅबिनेट मंत्री झाले.

तेव्हा ग्रामविकास म्हणजे काय होतं ते सांगितलंच पाहिजे. मलईची खाती म्हणजे जलसंपदा, बांधकाम, महसूल, नगरविकास. ग्रामविकासात काय, शिक्षकांच्या बदल्या, ग्रामसेवकांचे संप आणि केंद्राच्या योजनांचे आकडे. त्यात सरकारची तिजोरी रिकामी, नवीन योजनेला पैसा मागितला तर अर्थखातं दारातून परत पाठवणार.

अशा वेळी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, २०००-०१ ला. आज ते नाव ऐकून लोकांना वाटतं झाडू मारायचा कार्यक्रम. आतून त्याची रचना फार हुशारीची होती. शासनानं गावाला काम करायला पैसे द्यायचेच नाहीत, फक्त स्पर्धा लावायची आणि बक्षीस ठेवायचं. गावानं श्रमदान करायचं, वर्गणी काढायची, आणि तपासणीला कमिटी येणार. संडास, गटारी, शोषखड्डे, पिण्याच्या पाण्याची शुद्धता, शाळा-अंगणवाडी, गोठ्याची स्वच्छता, लोकवर्गणी, प्रत्येकाला गुण. आधी तालुक्यात, मग जिल्ह्यात, मग विभागात, मग राज्यात. तपासायला बाहेरच्या तालुक्यातली माणसं, त्यामुळं ओळखीवर गुण मिळण्याची सोय कमी.

मी तपासणी कमिटीतही होतो आणि ज्या गावांची तपासणी होणार त्या बाजूलाही होतो. खरं सांगतो, नोकरीत असं वातावरण त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. एरवी ग्रामसभेला कोरम भरायला शिपाई घरोघर पाठवावा लागायचा, आणि त्या दिवसांत पहाटे पाचला हातात खराटा घेऊन दोन विरोधी पार्ट्यांची माणसं एकाच गल्लीत. शेजारच्या गावाला बक्षीस मिळालं म्हटल्यावर आपल्या गावाची इभ्रत गेली असं लोकांना वाटायचं. बायका पुढं आल्या कारण संडासाचा प्रश्न खरा त्यांचा होता, अंधार पडायची वाट बघायची हे पुरुषाला काय कळणार. सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातलं धामणेर या अभियानात राज्यभर गाजलं, बाहेरून लोक गाव बघायला यायचे, आम्हालाही सरपंचांच्या सहली काढून तिकडं न्यायचे आदेश होते. पुढं केंद्रानं निर्मल ग्राम पुरस्कार काढला, २००३ ला, त्यात सुरुवातीच्या वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामपंचायती आघाडीवर राहिल्या त्याचं कारण ही आधीची तालीम.

आणि आबा काय करत होते, तर फिरत होते. मंत्री गावात येतो तो उद्घाटनाला, हा माणूस गटारीत वाकून बघायचा. आम्ही धास्तावलेले असायचो, कारण मुक्कामी येणार असं कळलं की दाखवायच्या गल्लीतून नेऊन चालायचं नाही, ते बरोबर मागच्या आळीला शिरायचे. झेडपीची अकरा वर्षं. कुठं काय लपवतात हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक.

दोषही सांगतो नाहीतर आरती होईल. बक्षीस मिळालं की बऱ्याच गावांत सगळं ढिलं पडलं. बांधलेल्या संडासात शेणी आणि सरपण रचलेलं मी स्वतः बघितलंय, पाणीच नाही तर लोक वापरणार कसा. आणि काही ठिकाणी कमिटी येणार म्हणून गरीबाच्या दारात रातोरात खड्डा खणायची सक्ती झाली, ज्याच्याकडं पैसे नव्हते त्याचा अपमान झाला. बक्षिसाच्या रकमेवरून पुढं भांडणं. पण एक नक्की, बिनपैशाच्या खात्याचा मंत्री राज्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत नावानं ओळखला जाऊ लागला. कारखानदार नेत्याला त्याचा तालुका ओळखतो, फार तर जिल्हा. आबांना चाळीस-पन्नास हजार सभासदांच्या जागी राज्यभरची गावं मिळाली. हीच ती संस्था जी मी वर म्हटली.

डिसेंबर २००३ ला तेलगीच्या बनावट स्टँप पेपर प्रकरणाच्या गदारोळात तेव्हाचे गृहमंत्री छगन भुजबळांनी राजीनामा दिला आणि गृहखातं आबांकडं आलं. बदनाम झालेलं खातं सावरायला स्वच्छ चेहरा पाहिजे होता आणि पक्षात तेव्हा त्यांच्याइतका स्वच्छ चेहरा दुसरा नव्हता, हिशेब सोपा. २००४ च्या निवडणुकीत राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा, तरी मुख्यमंत्रीपद काँग्रेसकडं गेलं आणि उपमुख्यमंत्रीपद राष्ट्रवादीकडं, त्यावर आबा, गृहखात्यासकट. त्या काळात सांगलीची चलती बघा, आबा उपमुख्यमंत्री, जयंतराव अर्थमंत्री, पतंगराव कॅबिनेटमध्ये. एवढं असून जिल्ह्याच्या पूर्वेचं पाणी का रखडलं हा प्रश्न लोक विचारायचे आणि तो रास्त होता.

गृहखात्यात त्यांनी डोकं तेच वापरलं, ग्रामविकासवालं. म्हणजे लोकांना दिसेल असं, गावाला पटेल असं, पैसा कमी लागेल असं काम. कधी जमलं, कधी नाही.

डान्सबार बंदी घ्या. २००५ ला सभागृहात रायगड-पनवेल भागातल्या बारवरून विषय निघाला आणि आबांनी बंदी जाहीर केली, कायदा झाला, १५ ऑगस्टपासून बार बंद. आपल्या भागात या निर्णयाला प्रचंड पाठिंबा होता कारण द्राक्षाचा आणि उसाचा पैसा तिकडं उडवून आलेली पोरं प्रत्येक गावात दोन-चार होती, आयाबहिणी आबांना दुवा द्यायच्या. पण कायदा लिहिताना थ्री स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट ठेवली. झालं, एप्रिल २००६ ला हायकोर्टानं तिथंच पकडलं, की जे साध्या बारमध्ये अश्लील ते मोठ्या हॉटेलात सभ्य कसं. बंदी रद्द ठरवली, जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टानं तोच निकाल कायम केला, मग २०१४ ला सूट काढून नवा कायदा, तोही कोर्टात. आणि ज्या हजारो बायकांची रोजीरोटी गेली त्यांचं पुनर्वसन हा भाग कागदावरच राहिला, हे आबांच्या चाहत्यांनीही कबूल केलं पाहिजे. माझ्यासारखा कारकुनी डोक्याचा माणूस एवढंच म्हणेल की भावना बरोबर असली तरी मसुदा नीट लागतो.

सावकारीचं तसंच. "कोपरापासून सोलून काढू" ही त्यांची घोषणा राज्यभर गाजली, शेतकरी आत्महत्यांचा काळ होता, लोकांना ती ऐकून बरं वाटलं. पण सावकारीचा कायदा सहकार खात्याचा, परवाना आणि चौकशी सहकार निबंधकांच्या माणसांकडं, पोलिस गुन्हा नोंदवणार, आणि गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून घेतलेली जमीन सोडवायची कशी याला जुन्या १९४६ च्या कायद्यात दम नव्हता. नवा कायदा यायला २०१४ उजाडलं. घोषणा आणि कायदा यात एवढं अंतर.

तंटामुक्तीत मात्र त्यांचं गावाचं ज्ञान बरोबर बसलं. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. ग्रामसभेनं समिती नेमायची, गावातले मिटण्यासारखे तंटे, बांधाचे, वाटणीचे, किरकोळ मारामारीचे, बसून मिटवायचे, नोंद ठेवायची, परत बाहेरून मूल्यमापन आणि लोकसंख्येप्रमाणं बक्षीस. ओळखलंत का, हे स्वच्छता अभियानच, फक्त कचऱ्याच्या जागी भांडणं. गृहखात्यानं असलं काही करावं हे आधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यातून कितीतरी वर्षांच्या तारखा संपल्या, घरच्यांनी नाकारलेल्या प्रेमी जोडप्यांची लग्नं समितीनं मारुतीच्या देवळात लावून दिली. तंटामुक्तीचा अध्यक्ष कुणी व्हायचं यावरून ग्रामसभेत खुर्च्या उडाल्या हेही तितकंच खरं, आम्ही पंचनामे केलेत. आणि दुबळ्या बाजूला दमात घेऊन तंटा "मिटवला" असंही झालं, विशेषतः बाईची तक्रार असली की. पण पोलिस ठाणं-कोर्टाच्या चकरा वाचल्या हे मोठं.

पोलिस भरतीबद्दल आमच्या भागातली भावना सांगतो, आबांच्या काळात वशिला नसलेल्या घरातली पोरं पळून-पळून भरती झाली असं लोक अजून म्हणतात. प्रत्येक गावात अशी दोन-तीन घरं निघतील जी आबांचं नाव देवासारखं घेतात.

मग २६ नोव्हेंबर २००८. मुंबईवर हल्ला, १६६ माणसं गेली, आणि पत्रकारांसमोर आबांच्या तोंडून हिंदीत मोठ्या शहरात असं छोटं-मोठं होत असतं अशा अर्थाचं वाक्य गेलं. १ डिसेंबरला राजीनामा. लोक म्हणतात हिंदी कच्चं म्हणून झालं. मला ते अर्धंच पटतं. गावच्या सभेत संकट आलं की पुढारी धीर द्यायला "काय नाही, होतं असं" म्हणतो आणि लोकांना ते आपुलकीचं वाटतं. तीच सवय देशभरच्या कॅमेऱ्यासमोर आली आणि माणसं जळत असताना ती बेफिकिरी ठरली. गृहमंत्र्याचं खातं असंच आहे, वर्षभर काही घडलं नाही तर कुणी पाठ थोपटत नाही, घडलं की एका वाक्यात हिशेब. ग्रामविकासात बक्षीस वाटता येतं, इथं काय वाटणार.

इथं संस्था नसल्याची किंमत दिसली. राजीनाम्यानंतर गृहखातं जयंतरावांकडं गेलं, म्हणजे तासगावातून इस्लामपुरात, आणि उपमुख्यमंत्रीपद भुजबळांकडं. कारखानदार नेता असता तर कारखान्यावर जाऊन बसला असता, गर्दी तिथंच. आबांकडं जाऊन बसायला अंजनीचं घर. पण ती गर्दी अंजनीत आली, आणि लगेच नाही पण वर्षभरात, २००९ ची निवडणूक जिंकून, परत तेच गृहखातं त्यांच्याकडं आलं. उपमुख्यमंत्रीपद मात्र नाही आलं.

दुसऱ्या खेपेला पालकमंत्री म्हणून त्यांनी गडचिरोली मागून घेतलं. याला काही लोक नाटक म्हणाले. मला विचाराल तर तिथल्या आमच्यासारख्या कर्मचाऱ्यांना मंत्री वरचेवर येतो याचा फरक पडलाच असणार, कारण कलेक्टर कचेरीतल्या फायली मंत्र्याच्या दौऱ्याला घाबरून हलतात, हे सगळ्या महाराष्ट्रात सारखंच.

पण याच काळातला एक डाग मला स्वतःला टोचतो. २० ऑगस्ट २०१३ ला अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. आमच्या शेजारच्या साताऱ्याचा माणूस, आबांच्या ओळखीतलं काम, आणि गृहमंत्री आबा. त्यांच्या कारकिर्दीत खरे मारेकरी हाती लागले नाहीत, शेवटी हायकोर्टानं तपास सीबीआयकडं दिला. चांगला माणूस असणं आणि पोलिस खातं ताब्यात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिथं कळलं. २०१४ च्या प्रचारात बलात्काराबद्दल एक अत्यंत चुकीचं वाक्य बोलून गेले, माफी मागावी लागली, तेही लिहून ठेवतो.

आणि सहीचं एक. मंत्र्याची खरी ताकद भाषणात नसते, टिपणीवरच्या सहीत असते. अजित पवारांवर आरोप झालेल्या सिंचन घोटाळ्याच्या उघड चौकशीच्या फाइलवर गृहमंत्री म्हणून आबांची सही होती, हे २०२४ च्या निवडणुकीत तासगावच्याच सभेत खुद्द अजित पवारांनी नाराजीनं सांगितलं, आबा जाऊन नऊ वर्षं झाल्यावर. त्या सहीचं कौतुक करायचं की तक्रार हे ज्यानं त्यानं ठरवावं, पण मागं संस्था असलेला माणूस अशा फाइलवर सही करताना दहा वेळा थांबला असता एवढं मी अनुभवानं सांगतो.

मतदारसंघाचं थोडक्यात. राज्यात एवढं नाव असून तासगावात प्रत्येक निवडणूक घाम काढणारी. तालुक्याचा तुरचीचा साखर कारखाना अडचणीत गेला, तो आबांच्या हातचा आधार कधी झालाच नाही. तालुक्यातल्याच संजयकाका पाटील या प्रतिस्पर्धी नेत्याशी आधी संघर्ष, मधे तह, परत संघर्ष. २००९ ला मतदारसंघात कवठेमहांकाळ जोडलं गेलं, म्हणजे नवी गावं, तिथल्या अजितराव घोरपड्यांचा गट समोर. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी आलं की वीजबिल कोण भरणार, बिल थकलं की पंप बंद, पंप बंद की बागायतदार चिडला. राज्याचा गृहमंत्री रविवारी अंजनीत बसून पंप चालू करा म्हणून फोन लावतोय हे चित्र तासगावकरांनी बघितलंय. २०१४ ची निवडणूकही जिंकले, आणि १६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कॅन्सरनं लीलावतीत गेले. वय सत्तावन्न. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सुमनताई लाखावर मतांनी निवडून आल्या, २०१९ ला परत, आणि २०२४ ला मुलगा रोहित पाटील पंचविशीत आमदार झाले, संजयकाकांनाच हरवून. म्हणजे ज्याच्या घरात आमदारकी नव्हती त्याच्या घरात आता तिसरी खुर्ची. यात वारशाचा भाग आहे, नाकारण्यात अर्थ नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, आज एखाद्याला जमेल का. वरच्या टोकाला जागा तशाही मोजक्या, २००३ च्या घटनादुरुस्तीनंतर मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांत बसवावं लागतं, २८८ ला ४३, आणि त्यात आता युती-आघाड्यांचे वाटेकरी. पण माझ्या मते अडचण वर नाही, खाली आहे. ज्या झेडपीत आबा अकरा वर्षं घडले तिची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि प्रशासक बसले ते तीन वर्षांहून जास्त. त्या काळात पंचविशीतला पोरगा झेडपीत जाणार कुठून. तो मग नेत्याच्या गाडीमागं फिरतो, रील काढतो, वाढदिवसाचे बॅनर लावतो. त्यातून कार्यकर्ता तयार होतो, पण शाळाखोलीच्या पत्र्याची फाइल कुठं अडते हे कळणारा मंत्री नाही. दुसरं, गटाचं आरक्षण दर वेळी फिरतं. ते योग्यच आहे, त्याशिवाय कितीतरी समाजांना त्या सभागृहाचं दार दिसलं नसतं. पण एकाच गटात लागोपाठ काम करून मुरायची सोय त्यात राहत नाही. आणि तिकीट मागायला गेलं की पहिला प्रश्न खर्चाचा.

एक वाट मला दिसते. २०११ पासून आपल्याकडं निम्म्या जागा महिलांच्या आहेत. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी काही मेंबर बायका बघितल्या, सभेचा अजेंडा घरून वाचून येणाऱ्या, इतिवृत्तात आपलं बोलणं नीट आलं नाही तर सही न करणाऱ्या, नवऱ्याला बाहेर बाकावर बसवून. घरात कुणी पुढारी नसलेल्याही त्यात होत्या. पुढच्या खेपेला त्यांचा गट खुला झाला की पक्षानं तिकिटासाठी फोन लावला तो नवऱ्याला.